बंद घराची घरपट्टी: घर साताऱ्यात, आम्ही परदेशात

माहुली_रस्ता (धागाकर्ता)

जानेवारीत साताऱ्याला गेलो होतो, चार वर्षांनी. शाहूपुरीतल्या घराचं फाटक उघडायला गेलो तर कडीला सुतळीनं बांधलेला एक कागद होता. उन्हापावसानं शाई उडालेली. वरचं 'मागणी नोटीस' आणि खालचं वडिलांचं नाव, एवढंच वाचता येत होतं. वडील २०१९ मध्ये गेले.

हे घर त्यांनी १९८६ साली बांधलं. प्राथमिक शिक्षक होते, पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. आधी पत्रा, मग स्लॅब, वरची खोली माझ्या बारावीच्या वर्षी. मी तेरा वर्षं इंग्लंडमध्ये आहे, रेडिंगला. आई बहिणीकडे पुण्यात असते. घर बंद.

कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण असं आणखी कित्येकांचं झालं असणार. शाहूपुरीत पूर्वी ग्रामपंचायत होती. चुलतभाऊ दर मार्चला तिथे जाऊन घरपट्टी भरायचा आणि पावतीचा फोटो पाठवायचा. २०२० मध्ये हद्दवाढ झाली, शाहूपुरी सातारा नगरपालिकेत आली. भावाला वाटलं, आता बिल मला ऑनलाइन येत असेल. मला वाटलं, भाऊ भरतोय. पावतीचे फोटो यायचे थांबले तेही माझ्या लक्षात आलं नाही. पाणीपट्टी भाऊ वेगळी भरत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. बिल येत राहिलं ते बंद दाराशी, गेलेल्या माणसाच्या नावानं. यात कार्यालयाचा दोष नाही, माझाच आहे.

आता मुद्दल ३०,००० च्या आसपास आणि शास्ती (उशिराचा दंड) २१,००० हून जास्त झाली आहे. पैसे भरायची तयारी आहे. मला विचारायचं आहे ते असं. वडिलांच्या नावावरचं बिल मी इथून भरू शकतो का? नाव बदलायला मला स्वतः यावं लागेल का? आणि तिसरी गोष्ट जरा वेगळी. आम्ही इथे पहिलं घर घेतोय, तर वकील विचारतात, 'जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे का?' साताऱ्यातल्या घराचा त्यांच्याशी काय संबंध?

वसुली_३१मार्च

मी एका नगरपरिषदेच्या कर विभागात अठ्ठावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमचा आकडा कसा आला असेल ते सांगतो.

शास्ती दरमहा २ टक्के असते, म्हणजे वर्षाला २४. बिल वर्षाला ६,००० धरा. पाच वर्षं थकलं तर मुद्दल ३०,०००. पहिल्या वर्षाच्या बिलावर पाच वर्षांची शास्ती १२० टक्के, पुढच्यावर ९६, मग ७२, ४८ आणि २४. बेरीज ३६० टक्के. सहा हजारांच्या ३६० टक्के म्हणजे २१,६००. पहिल्या वर्षाचं बिल मुद्दलापेक्षा जास्त शास्ती घेऊन बसलं आहे, बघा. बँकेचं कर्जही इतकं महाग नसतं.

बिल कुणीही भरू शकतं. मालमत्ता क्रमांक माहीत असला की बास. पावती वडिलांच्याच नावानं निघेल, निघू दे. नाव बदलेपर्यंत थांबू नका, कारण थांबलात तेवढे महिने २ टक्के चालूच. आधी पैसे, मग नाव.

अभय योजना निघते तेव्हा शास्तीचा काही भाग माफ होतो, लोक अदालतीतही तडजोड होते. पण ती निघेल या आशेवर बसून राहिलेल्या लोकांची थकबाकी दुप्पट झालेली मी पाहिली आहे.

आणि हे हलक्यात घेऊ नका. शेतसाऱ्यासारख्या सरकारी देण्यानंतर मालमत्तेवर पहिला बोजा घरपट्टीचा. बिल, मग मागणी नोटीस, मग जप्तीचं वॉरंट, हा क्रम कायद्यातच आहे. तुमच्या कडीला बांधलेला कागद दुसऱ्या पायरीवरचा होता.

लेस्टर_वाईकर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण त्यात मी भाजलोय.

इंग्लंडमध्ये घर घेताना स्टॅम्प ड्यूटी लागते. तुमचं आधीच दुसरं घर असेल तर वर जादा दर लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून तो ५ टक्के आहे. आणि हे 'आधीचं घर' जगात कुठेही असलं तरी मोजतात. साताऱ्यातलं, वाईतलं, आजोळचं, सगळं. मोजायची अट अशी की तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असावी. म्हणजे आपल्याकडे चाळीस ते पन्नास लाखांच्या दरम्यान. वारशानं आलेला हिस्सा निम्म्याहून जास्त नसेल तर वारसा मिळाल्यापासून तीन वर्षं तो धरत नाहीत. तुमचे वडील २०१९ ला गेले, ती तीन वर्षं सरली.

पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३,००,००० पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी शून्य असते, ती सवलत तर वेगळीच. त्यासाठी तुम्ही आयुष्यात कधीही, कुठेही, वारशानंसुद्धा घराचे मालक झालेले नसावेत. आता हक्कसोड केलंत तरी एकदा मालक झाला होतात ही गोष्ट पुसली जात नाही.

मी फॉर्मवर 'नाही' अशी खूण करणार होतो. मनात फसवायचं नव्हतं. वाईचं घर माझ्या डोक्यात 'आमचं' होतं, 'माझं' नव्हतं. सातबारा, सिटी सर्व्हे, घरपट्टी सगळीकडे आजोबा. वकिलानं विचारलं, आजोबा हयात आहेत का? वडील? मग मालक कोण? त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या प्रश्नाचा विचार केला.

दुबई_तासगाव

माझा सांगलीत विश्रामबागला फ्लॅट आहे, बंद ठेवलाय. एक प्रश्न मनापासून विचारतो, कुणी रागावू नका. मी वर्षातले अकरा महिने तिथे नाही. कचरा टाकत नाही, रस्ता वापरत नाही, माझी मुलं तिथल्या शाळेत नाहीत. तरी सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर, दिवाबत्ती सगळं पूर्ण का? इथे दुबईत वर्षाची घरपट्टी असा प्रकार नाही. भाडेकरू म्हणून वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क लागतं, ते वीज-पाण्याच्या बिलात येतं. राहतो म्हणून देतो. पटतं.

तुळशीकट्टा

मी साताऱ्यातच राहते, सदर बझारला, आणि माझ्या शेजारचं घर नऊ वर्षं बंद आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या भिंतीवर आहे.

त्यांच्या अंगणात पिंपळ उगवला. मुळं आमच्या कंपाउंडात आली, भिंतीला चीर गेली. पावसाळ्यात गच्चीवर पाणी तुंबतं आणि ओल आमच्या स्वयंपाकघरात उतरते. मागच्या सप्टेंबरात गल्लीत डेंग्यूचे तीन पेशंट झाले. औषध फवारायला आलेली मुलं त्यांच्या कुलपापाशी थांबली आणि परत गेली. पाण्याचा हौद आत, किल्ली परदेशात. तुम्ही रस्ता वापरत नाही, खरं आहे. पण रस्त्यावरचा दिवा तुमच्या कुलपावर रात्रभर उजेड टाकतो, म्हणून अजून कुणी ते फोडलं नाही. गटार तुमच्या दारावरूनच जातं.

मला तर वाटतं, बंद घराला कर जास्त हवा. माणसं राहिली की गल्ली जिवंत राहते. आमच्या ओळीत अकरा घरं, चारांत दिवा लागतो. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर हाक कुणाला मारायची?

हे भांडायला लिहीत नाही, भाऊ. शेजारची वहिनी मला सख्ख्या बहिणीसारखी होती. म्हणून ते घर असं बघवत नाही.

टोरांटो_फलटण

काकू म्हणतात ते इथे खरंच लागू आहे. टोरांटोत रिकाम्या घरावर वेगळा कर आहे. आधी घराच्या करमूल्याच्या १ टक्का होता, २०२४ पासून ३ टक्के. आणि गंमत नाही, जाच आहे: घरात राहणाऱ्यानंही दरवर्षी 'मी राहतो' असं जाहीर करावं लागतं. विसरलात तर घर रिकामं धरून बिल येतं. माझ्या ओळखीच्या एका आजींना असं बिल आलं होतं, त्या रात्रभर झोपल्या नाहीत. नंतर हरकत घेऊन सुटलं.

इंग्लंडमध्येही वर्षभर रिकाम्या घरावर कौन्सिल टॅक्स (तिथला घरावरचा स्थानिक कर) दुपटीपर्यंत लावता येतो, नाही का?

लेस्टर_वाईकर

हो, एप्रिल २०२४ पासून एका वर्षानंतर. आधी दोन वर्षांनी होता. सामान असलेल्या दुसऱ्या घरांनाही एप्रिल २०२५ पासून कौन्सिलला दुप्पट लावता येतो. मात्र इथे कौन्सिल टॅक्स मुळात घरात राहणारा भरतो, भाडेकरू असेल तर भाडेकरू. एकटा राहत असेल तर पाव हिस्सा सूट. आणि इंग्लंडमध्ये घरांचे गट अजून १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरच ठरलेले आहेत.

वसुली_३१मार्च

दुबई_तासगाव, घरपट्टी ही वापराची फी नव्हे. पाणीपट्टी वापराची, घरपट्टी मालमत्तेची. शहर आहे म्हणून तुमच्या फ्लॅटला किंमत आहे, त्या शहराच्या खर्चातला तो वाटा.

तरी तुमच्या बाजूनं एक गोष्ट कायद्यात आहे. खरोखर रिकाम्या, भाडं न देणाऱ्या इमारतीसाठी काही कराची सूट किंवा परतावा मागता येतो. अट एकच, घर रिकामं झालं हे लेखी कळवायला हवं. कळवल्याच्या आधीचा काळ धरत नाहीत. माझ्या अठ्ठावीस वर्षांत असे अर्ज बोटांवर मोजण्याइतके आले. परदेशातल्या मालकाचा तर एकही नाही. फर्निचर लावून, आल्यावर राहायला ठेवलेलं घर 'रिकामं' ठरवून घेणं अवघड जातं, तेही सांगून ठेवतो.

उलट ज्यावर नक्की लक्ष द्यायला हवं ती गोष्ट कुणी बघत नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. यादी लागते, हरकती मागवतात, सुनावणी होते. तुमचं घर कुठल्या वापरात धरलंय, क्षेत्रफळ किती, बांधकामाचा प्रकार कुठला, हे बघायची ती वेळ. भाड्यानं दिलेलं आणि स्वतःच्या वापरातलं यांच्या आकारणीत फरक पडतो. हरकतीची मुदत संपली की तो आकडा चार वर्षं डोक्यावर.

हरभटरोड

याला दुजोरा. गाव सांगत नाही, पण एका छोट्या नगरपरिषदेत आमच्या मामांचं घर 'भाडेकरू' म्हणून नोंदलं गेलं होतं. खालच्या खोलीत मामीची वृद्ध आत्या राहायची, सर्वेक्षणाला आलेल्या मुलानं तिला भाडेकरू समजलं. मामा मस्कतला. सात वर्षं जादा भरले. आत्या वारल्या तरी भाडेकरू कागदावर राहत होता. शेवटी मामींनी शिधापत्रिका आणि आत्यांचा मृत्यूचा दाखला नेऊन दाखवला तेव्हा दुरुस्त झालं, पण मागचे पैसे गेले ते गेले.

आमचं सांगलीत गावभागात जुनं घर. २०१९ ला माडीपर्यंत पाणी, २०२१ ला पुन्हा. तिन्ही भाऊ बाहेर, दोन परदेशात. पूर ओसरल्यावर चिखल काढायला कोण होतं? मी आणि गल्लीतली पोरं. पंचनाम्याला घराच्या नावाचा माणूस लागतो. नाव आजोबांचं. त्या वेळी कळलं की उताऱ्यावरच्या नावाला काय किंमत असते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ला झाली, त्या आधीपासून ते नाव तसंच चालत आलेलं.

ऑस्टिन_कराडकर

सहा हजार वर्षाला ऐकून मी दोनदा वाचलं. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्याची भरपाई घरावरच्या करातून होते. चार लाख डॉलरच्या घराला वर्षाला सात-आठ हजार डॉलर सहज जातात. निम्म्याच्या आसपास शाळेला. बँक हप्त्यातच कापून ठेवते, त्यामुळे थकबाकीचा प्रश्न येत नाही, पण हप्ता दरवर्षी वाढतो. कर्ज फिटलं तरी हा 'हप्ता' मरेपर्यंत.

स्वतः राहत असलेल्या घराला सूट आहे. शाळेच्या करासाठी घराच्या मूल्यातून १,४०,००० डॉलर वजा होतात, हा आकडा २०२५ मध्ये १,००,००० वरून वाढला. नागरिकत्वाची अट नाही, त्या घरात राहायला हवं आणि ओळखपत्रावर तोच पत्ता हवा. आम्ही दोघं व्हिसावर आहोत, आम्हाला मिळते. पण पहिली दोन वर्षं अर्जच केला नव्हता. कुणी सांगितलंच नाही! आकारणीवर हरकत घ्यायची मुदत साधारण १५ मे. मी दरवर्षी घेतो. शेजारच्या विक्रीच्या किमती, भिंतीच्या भेगांचे फोटो, सगळं नेतो. काकांनी सांगितलेली चार वर्षांची हरकत वाचून वाटलं, इथे आपण जितकं जागरूक असतो त्याच्या पाव हिस्साही कराडच्या घराबाबतीत नाही.

आणखी एक. कराडला भरलेली घरपट्टी आम्ही पूर्वी अमेरिकेच्या विवरणपत्रात वजावट म्हणून दाखवायचो. २०१८ पासून राहत्या किंवा बंद परदेशी घराची ती वजावट बंद आहे. भाड्यानं दिलं असेल तर भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते.

मिरज_सीए

भारतातल्या बाजूचं मी लिहितो.

बंद घर: दोन घरांपर्यंत स्वतःच्या वापरातली घरं धरून वार्षिक मूल्य शून्य दाखवता येतं. काल्पनिक भाड्यावर कर नाही. अनिवासी माणसालाही हे चालतं.

भाड्याचं घर: इथे गोंधळ फार आहे. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूनं पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. निवासी मालकासाठीची मासिक मर्यादा इथे लागू नाही. महिना १५,००० भाडं म्हणजे वर्षाला १,८०,०००, टीडीएस ५६,१६०. आता खरं उत्पन्न बघा. घरपट्टी १२,००० भरली असेल तर १,६८,००० उरले, त्यातून दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के, म्हणजे ५०,४०० गेले. उरले १,१७,६००. दुसरं उत्पन्न नसेल तर यावर कर शून्य. कापलेले सगळे पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरलं तरच. त्यापायी कित्येक मालक भाडेकरूला म्हणतात, 'भाऊच्या खात्यावर टाका, टीडीएस नको.' ते करू नका. नोटीस आली तर ती भाडेकरूच्या दारात येते, आणि तो बिचारा एमआयडीसीत नोकरी करणारा असतो.

घरपट्टीची वजावट मालकानं प्रत्यक्ष भरली तरच आणि ज्या वर्षी भरली त्या वर्षी. पाच वर्षांची थकबाकी एका वर्षात भरली तर त्या वर्षी सगळी मिळते. भाडेकरूनं भरली असेल तर मालकाला वजावट नाही.

माहुली_रस्ता, तुमच्या घराबद्दल. मृत्युपत्र नसेल आणि घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही आणि बहीण, प्रत्येकी एक तृतीयांश. उद्या विकलंत तर एकाच घराच्या तीन हिश्शांवर दोन प्रकारचा कर लागेल. वडिलांचं बांधकाम १९८६ चं, त्यामुळे खर्च म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभाव किंमत धरता येते. आई आणि बहीण निवासी, त्यांना निवड आहे: महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के. तुम्ही अनिवासी, तुम्हाला २३ जुलै २०२४ पासून निवड नाही, १२.५ टक्केच. जुन्या घराला निर्देशांकाचा फायदा मोठा असतो. शिवाय खरेदीदार तुमच्या हिश्शावर भरभक्कम टीडीएस कापतो, बहिणीच्या हिश्शावर फार तर १ टक्का. कमी टीडीएसचं प्रमाणपत्र विक्रीआधी आयकर खात्याकडून काढून घ्या. साठेखत झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी माणसाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं), तिथून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

आणि सर्वांसाठी: घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. पालिकेच्या रजिस्टरला नाव लागलं म्हणजे घर तुमचं झालं असंही नाही. अशा नोंदींनी मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलंय. मिळकत पत्रिकेवरची वारस नोंद सिटी सर्व्हेत वेगळी करावी लागते. दोन्ही करा.

विटा_गलाई

आमच्याकडचं ऐका. खानापूर तालुक्यातली निम्मी घरं सोन्या-चांदीच्या गलाईपायी, म्हणजे ते गाळून शुद्ध करायच्या धंद्यापायी, बाहेर आहेत. कुणी कोइमतूर, कुणी कोलकाता, माझा मेहुणा नेपाळात. गावात घर मोठं, वर्षातले पंधरा दिवस उघडं. पण घरपट्टी थकत नाही. कारण काय? जत्रा. जत्रेला सगळे येतात, आणि ग्रामपंचायतीचा माणूस पालखीच्या आदल्या दिवशी चावडीत रजिस्टर घेऊन बसतो. देवाला नारळ, मग चावडीत पावती. माझ्या आजोबांपासून हा शिरस्ता.

नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीचा, उतारा दरवर्षी काढतो आम्ही. क्षेत्र बघतो, नाव बघतो. वडील गेले तेव्हा तेराव्यानंतर पहिलं काम ते केलं. ज्या गावाला आपण वर्षातनं एकदा जातो, त्या गावानं आपलं नाव विसरू नये असं वाटतं, दुसरं काय.

आमच्यात एक माजी सैनिक आहेत, त्यांची घरपट्टी माफ झाली. अर्ज केल्यावर. तुमच्याकडे अपशिंग्यासारखी गावंच्या गावं फौजी आहेत, तिथे सगळ्यांना माहीत असेल.

वसुली_३१मार्च

बरोबर. २०२० मध्ये शासनानं माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी ही माफी सगळीकडे लागू केली. आपोआप होत नाही, अर्ज द्यावा लागतो. मुलगा परदेशात आणि विधवा आई एकटी गावात, अशा घरांनी हे जरूर बघा.

दुबई_तासगाव

तुळशीकट्टा ताई, तुमचं उत्तर दोन दिवस डोक्यात आहे. माझ्या फ्लॅटखाली एक जोशी आजोबा राहत होते, त्यांच्या छतावर माझ्या बाथरूमची ओल उतरायची. ते मला फोन करायचे आणि मी 'पुढच्या सुट्टीत बघतो' म्हणायचो. ते गेले. फोन आता येत नाही म्हणून मला वाटत होतं सगळं ठीक आहे.

कर जास्त लावावा, हे मला अजूनही पटत नाही. जास्त पैसे भरून तुमच्या भिंतीची ओल जाणार नाही, पैसे तिजोरीत जातील. किल्ली गल्लीत असावी, हे मात्र पटलं. रिकामं असल्याचा अर्जही देतो आणि प्लंबरही पाठवतो.

माहुली_रस्ता (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितोय.

पैसे भरले. एनआरओ खात्याला माझा इंग्लंडचा मोबाईल नंबर जोडून यूपीआयनं. २०२३ पासून काही देशांतल्या नंबरवर हे चालतं, हे मला माहीतच नव्हतं. शास्तीसह पूर्ण. अभय योजनेची वाट पाहिली नाही.

नावासाठी बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. इथे भारतीय उच्चायुक्तालयाकडून साक्षांकित करून घेतलं, अपोस्टिल (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) केलेलंही चालतं. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा असतो, ते बहिणीनं पहिल्याच आठवड्यात केलं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, मिळकत पत्रिका, आम्हा तिघांची संमती, असा गठ्ठा घेऊन ती दोनदा गेली. अर्ज दाखल झाला आहे. सिटी सर्व्हेचं काम मागोमाग. नोटिसांसाठी पत्ता आता बहिणीचा आणि मोबाईल दोघांचे.

इथल्या वकिलाला खरं काय ते लिहून दिलं. पहिल्या घराची सवलत गेली. जादा ५ टक्के लागतात की नाही ते घराच्या मूल्यांकनावर आहे, साताऱ्यातल्या मूल्यनिर्धारकाला बोलावलंय. पैसे गेले तर वाईट वाटेल, पण त्या घरात माझा हिस्सा आहे हे कागदावर नाकारायला जीव होत नाही.

एक गोष्ट वेगळी लिहायची होती. मी बहिणीला म्हटलं, तिघांची नावं लावू. आईनं ऐकलं. ती म्हणाली, "घर बांधताना विटा मोजून घेतल्या कुणी? मी. रात्री पाणी मारलं कुणी? मी. त्यांचा पगार कर्जात जायचा, घरखर्च माझ्या शिवणकामावर चालला. आणि चाळीस वर्षांत एकाही कागदावर माझं नाव नाही." आम्ही दोघं गप्प झालो. पहिलं नाव आता तिचं आहे, खाली आम्ही. फाटकावरची वडिलांच्या नावाची पाटी मात्र काढायची नाही म्हणाली.

वसुली काका, फेरआकारणीची यादी लागते ती कुठे बघायची?

वसुली_३१मार्च

कार्यालयाच्या फलकावर लागते आणि जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. बहिणीला सांगा, दरवर्षी एप्रिल-मेमध्ये बिल आलं की मागच्या वर्षीच्या बिलाशेजारी ठेवून बघायचं. आकडा उडी मारून वाढलेला दिसला की लगेच चौकशी. आणि आईचं नाव लागलेला उतारा मिळाला की त्यांना छापून द्या, मोबाईलवर नको.

तुळशीकट्टा

शाहूपुरी मला दहा मिनिटांवर आहे. तुमची हरकत नसेल तर बहिणीला माझा नंबर व्यवस्थापकांकडून घ्यायला सांगा. एक किल्ली माझ्याकडे ठेवा. मृग निघायच्या आत गच्चीची पन्हळ मोकळी करून घेते, आमचा गवंडी ओळखीचा आहे. हौदावर झाकण आहे का, तेवढं आईंना विचारून कळवा.

माहुली_रस्ता (धागाकर्ता)

विचारलं. झाकण आहे, पण मधोमध तडकलंय. आई म्हणते, मे महिन्यात मीच येते, महिनाभर राहीन.